चार वाजताचा खाऊ: प्रमाण आबांचं, चव नातीची

पत्र: "मी निवृत्त माणूस, सांगलीला असतो. मुलगा आणि सून नोकरीवर जातात. साडेचार वर्षांची नात आणि दहा महिन्यांचा नातू दिवसभर माझ्याकडे असतात. चार वाजले की नातीचं सुरू होतं, 'आबा, आपण काहीतरी गोड करू.' मला चहा आणि खिचडीपलीकडे फारसं येत नाही. अंदाजाने जे केलं ते बिघडलं. गूळ घातलेलं दूध फाटलं. दाण्याचे लाडू वळेनात. मिक्सरवर केलेलं श्रीखंड वाटीने प्यावं लागलं. आमरस-दुधाची कुल्फी लावली तर नुसता बर्फ. सून म्हणते, रोज एवढं गोड नको, आणि पोरीला गॅसजवळ नेऊ नका. मग आम्ही करायचं तरी काय?" – एक आबा, सांगली

आबा, तुमच्या चारही फजित्यांना कारणं आहेत आणि ती सगळी टाळता येण्यासारखी आहेत. अंदाजाने करायला हरकत नाही, पण कशाचा अंदाज चालतो आणि कशाचा नाही हे आधी ठरवावं लागतं. गूळ किती, तूप किती, चक्का किती घट्ट, हे तुम्ही मोजायचं. वेलची की जायफळ, आमरस की केळं, लाडू गोल की चपटा, हे नातीने ठरवायचं. बहुतेक घरांत नेमकं उलट होतं. मोठी माणसं प्रमाणात ढिलाई करतात आणि पोरांना "हात लावू नकोस" म्हणतात.

आधी जागा बदला. ओट्याशी स्टूल लावून मुलांना उभं करण्यापेक्षा जमिनीवर पाट टाका आणि पुढ्यात मोठी परात ठेवा. सांडेल ते परातीतच सांडेल, आणि पोर स्टुलावरून पडायची भीती नाही. मोजायला एकच वाटी ठरवा आणि सगळं तिनेच मोजा. आमटीची वाटी वेगळी आणि कोशिंबिरीची वेगळी असली की प्रमाण तिथेच चुकतं. मोजायचं काम नातीलाच द्या. वाटी भरायची आणि वरून चमच्याचा दांडा फिरवून सपाट करायची, हे साडेचार वर्षांच्या मुलाला छान जमतं. काचेची भांडी वर ठेवून द्या. मिक्सर तुम्हीच लावायचा आणि झाकण काढण्याआधी प्लग काढायचा.

आता गूळ घातलेलं दूध. गूळ किंचित आंबट असतो, चवीला कळत नाही एवढाच. त्यात क्षारही असतात. गार किंवा कोमट दूध हे सहन करतं, उकळतं दूध करत नाही, ते फाटतं. म्हणून पेलाभर दुधाला दोन चहाचे चमचे किसलेला गूळ घ्या आणि तेवढ्याच पाण्यात आधी विरघळवा. गाळून घ्या, कारण गुळात उसाचे धागे आणि कधी बारीक कचही असते. दूध गॅसवरून उतरवून बोट घालता येईल इतकं निवू द्या आणि मगच हा गूळ त्यात घाला. परत तापवायचं नाही. खिरीलाही हाच नियम: आधी गॅस बंद, मग थोडं थांबायचं, मग गूळ. गुळाची नवी ढेप आणली की दोन चमचे गरम दुधात चिमूटभर गूळ टाकून बघा. कळ्या दिसल्या तर त्या ढेपेचा गूळ दुधासाठी वापरू नका, बाकी सगळ्याला चालेल.

फाटलंच तर ओतून देऊ नका. त्याच दुधात कणीक भिजवायची, चमचाभर तूप आणि वेलची घालायची, आणि छोट्या गोड दशम्या लाटायच्या. मळताना नातीला एक गोळा द्या. भाजायचं मात्र तुम्ही, आणि मंद आचेवर, कारण गुळाची दशमी पटकन करपते.

दाण्याच्या लाडवाला दोन वाट्या दाणे असतील तर एक वाटी किसलेला गूळ लागतो, वाटी सपाट, दाबून भरलेली नाही. गूळ साधा मऊ घ्या. चिक्कीचा गूळ पाक करण्यासाठी असतो, कच्चा वापरला तर लाडू नीट येत नाही. दाणे मंद आचेवर दहा-बारा मिनिटं भाजा. फोल हाताने चोळल्यावर सुटायला हवं. मोठ्या आचेवर दाणे बाहेरून डागतात आणि आतून कच्चेच राहतात, मग तेल सुटत नाही. आणि लाडू वळतो तो दाण्याच्या तेलावर. तुमचा कूट कोरडा राहिला, कारण बहुधा डब्यातला आधीच केलेला गार कूट घेतला असावा आणि गूळ वरून मिसळला असावा. दाणे कोमट असतानाच फोलं काढायची. ते काम नातीचं: परातीत दाणे चोळायचे आणि फुंकर मारायची. फोलं उडतील, उडू द्या, नंतर झाडता येतात. मग दाणे आणि गूळ एकत्रच मिक्सरमध्ये घालून थांबत थांबत तीन-चार वेळा फिरवा. मुठीत दाबल्यावर मिश्रणाला बोटांचे ठसे उमटले की झालं.

तरीही वळत नसेल तर चमचाभर कोमट तूप घाला. पाणी घालू नका. दूध घातलं तर लाडू त्याच दिवशी संपवायचे. उलट मिक्सर जास्त फिरला आणि गोळा तेलकट झाला, तर पंढरपुरी डाळ्याचं पीठ दोन-तीन चमचे मिसळा, ते तेल शोषून घेतं. मुलांना गोल वळता येत नाही, त्यांना मुटका करायला सांगा. मूठ आवळली की मुटका झाला. अख्खे दाणे, अख्खे काजू-बदाम मात्र पाच वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, घशात किंवा श्वासनलिकेत अडकतात. कूट चालतो. शेजारची पोरं खायला बसली असतील तर दाणे चालतात का, हे त्यांच्या घरी विचारून घ्या. काहींना त्याची मोठी ॲलर्जी असते.

श्रीखंडाचं दुखणं दोन ठिकाणी आहे. एक, चक्का पुरेसा निथळला नव्हता. दोन, तुम्ही मिक्सर लावला. दह्यात प्रथिनांची जाळी असते आणि पाणी तिच्यात अडकलेलं असतं. मिक्सरचं पातं ती जाळी तोडतं आणि पाणी मोकळं होतं. त्यात साखर पडली की ती आणखी पाणी ओढून घेते. म्हणून साखर घातल्यावर श्रीखंड जरासं सैल होणारच, हे धरूनच चक्का आधी घट्ट करायचा. साय न काढलेल्या लिटरभर दुधाचं दही लावा आणि पातळ सुती फडक्यात बांधा. उन्हाळ्यात ओट्यावर टांगून ठेवाल तर आंबेल. फडक्याची पुरचुंडी चाळणीत ठेवा, चाळणी पातेल्यावर, आणि सगळं फ्रीजमध्ये, रात्रभर. सकाळी साडेतीनशे-चारशे ग्रॅम चक्का मिळेल. चमच्यात घेऊन चमचा उलटा केला तरी पडला नाही, तर तयार.

बाजारी श्रीखंडाइतकी साखर घालायची काही गरज नाही. चक्क्याच्या वजनाच्या निम्मी पिठीसाखर पुरते, आणि आमरस घालायचा असेल तर त्याहून कमी. आता ते पुरणयंत्रातून काढायचं. घरात पुरणयंत्र असेल तर त्याचा दांडा फिरवण्याइतकं आवडतं काम पोरांना दुसरं नाही. तुम्ही भांडं धरा, तिने फिरवायचं. यंत्र नसेल तर पिठाची बारीक चाळणी घ्या आणि वाटीच्या बुडाने चक्का त्यातून घासून काढा. त्यानंतर दोन-तीन तास फ्रीजमध्ये ठेवा. साखर पूर्ण विरघळते आणि स्निग्धांश गार होऊन श्रीखंड पुन्हा आवळतं. आम्रखंड करताना दोन वाट्या चक्क्याला अर्धी वाटीच रस घाला, तोही दाट. पातळ रस असेल तर आधी मंद आचेवर आटवून गार करून घ्या. निथळलेलं पाणी फेकू नका, कणीक भिजवायला वापरा.

आणि पातळ झालेलं श्रीखंड म्हणजे अर्धं तयार पीयूष. वाटीभर श्रीखंडाला दीड वाटी ताजं, आंबट नसलेलं ताक घ्या, रवीने घुसळा, जायफळ आणि केशराच्या चार काड्या घाला. रवी दोन तळव्यांत धरून फिरवायला शिकवा. पातेलं खोल घ्या आणि निम्मंच भरा, नाहीतर तुमचा सदरा आणि तिचा फ्रॉक दोन्ही पीयूष पितील. जायफळ तुम्ही किसा, आणि ते चिमटीभरच. जास्त झालं तर नुसतं कडवट लागत नाही, ते बाधतंही.

कुल्फीचं कारण एका वाक्यात सांगता येतं: पाणी जास्त, घट्ट ऐवज कमी. दूध आणि आमरस दोन्ही मुख्यतः पाणीच, ते गोठलं की बर्फाचे खडे होतात. मध्ये दुधाची पावडर, साय, साखर आली की खडे मोठे होत नाहीत. गॅसशिवाय करायची असेल तर वाटीभर ताजी साय, अर्धी वाटी दूध पावडर, अर्धी वाटी दाट आमरस, चार चहाचे चमचे पिठीसाखर, सगळं नातीने गुठळी मोडेपर्यंत फेटायचं. स्टीलच्या छोट्या वाट्यांत भरा. मोठ्या डब्यात गोठायला वेळ लागतो आणि जितका वेळ लागेल तितके खडे मोठे. वर झाकण किंवा ताटली ठेवा. संध्याकाळी लावलेली दुसऱ्या दिवशी चारला तयार. साखर अजिबात न घालण्याचा प्रयोग करू नका, कुल्फी दगड होते. फार जास्त घातली तर नीट गोठत नाही.

रोजच्यासाठी मात्र हे चारही प्रकार नकोत, सूनबाईंचं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलेला हिशेब असा: वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांहून कमी यावेत, ५ टक्क्यांहून कमी असतील तर अधिक चांगलं. तुमच्या नातीच्या वयाला दिवसाला साधारण १३०० कॅलरी धरल्या, तर १० टक्के म्हणजे सुमारे ३० ग्रॅम साखर आणि ५ टक्के म्हणजे सुमारे १५. चहाच्या सपाट चमच्यात चार ग्रॅम साखर मावते, म्हणजे बरी मर्यादा चार चमचे, वरची सात-आठ. गूळ आणि मध याच हिशेबात येतात, "गूळ आहे, चालतो" असं नाही. दुधातली आणि अख्ख्या फळातली साखर यात धरत नाहीत, गाळलेल्या रसातली धरतात. बिस्किटं आणि दुधात चवीला घालायची गोड पावडरही मोजा, बराचसा वाटा तिथेच संपलेला असतो.

तेव्हा रोज चारला असं काही करा ज्यात गोडी फळाची असेल आणि कामं भरपूर असतील. शिकरण घ्या. पिकलेलं केळं तिला सोलू द्या, ताटलीत काट्याने कुस्करू द्या, वाटीभर गार दूध, वेलची. केळ्यावर तपकिरी ठिपके आलेले असतील तर साखर लागतच नाही. शिकरण करून ठेवायची नसते. हवा लागली की केळं काळं पडतं, आणि साखर घातली असेल तर पाणीही सुटतं. पानं मांडली की मगच केळं सोलायचं. सगळीच फळं मात्र दुधात चालत नाहीत. आंबट आंब्याने दूध फाटतं. कच्च्या अननसातलं एक द्रव्य दुधाची प्रथिनं तोडतं आणि थोड्या वेळात ते कडू लागतं. अननस शिजवला की त्याचा जोर जातो, म्हणून अननसाचा शिरा कडू होत नाही.

पोळीचा लाडू आणि गूळ-पोहे यांत गूळ असतो, म्हणून ते रोज नाही, अधूनमधूनच्या दुपारसाठी. आधी लाडू. सकाळच्या चार पोळ्या घ्या, पूर्ण गार झालेल्या. गरम पोळी कुस्करली तर चिकट गोळे होतात. नातीने आधी तुकडे करायचे, मग तळव्यांत चोळायचे. जे मोठे राहतील ते तुम्ही मिक्सरमध्ये एकदा फिरवा. पाव वाटी गूळ दोन चमचे तुपात मंद आचेवर फक्त विरघळवा. बुडबुडे येऊ लागले तर पाक होतो आणि लाडू कडक बसतो. कोमट झाल्यावर कुस्करलेल्या पोळीवर ओता. रात्रीच्या वाळलेल्या पोळ्या असतील तर दुधाचा हबका मारून पाच मिनिटं झाकून ठेवा. गूळ-पोह्यांना तर मिक्सरही लागत नाही: दोन वाट्या पातळ पोहे, अर्धी वाटी ओलं खोबरं, पाव वाटी किसलेला गूळ, चार चमचे नारळाचं पाणी शिंपडून हाताने कालवायचं आणि दहा मिनिटं झाकायचं. पातळ पोहे धुऊ नका, लगदा होईल. जाड पोहे असले तर धुऊन निथळून घ्यावेच लागतात. गोव्यात दिवाळीला नारळाच्या रसात गूळ घालून फोव करतात, तेही मुलांना आवडतात. रस उकळू द्यायचा नाही एवढंच, उकळला की फुटतो.

वेलची विकतच्या पुडीतली वापरू नका. खलबत्त्यात चार दाणे आणि चमचाभर साखर घालून तिला कुटू द्या. साखरेच्या कणांमुळे वेलची बारीक होते आणि उडत नाही. ही साखर हिशेबात धरा. सालं तुमच्या चहात. मग तीन वाट्या मांडा: वेलचीपूड, सुंठपूड, केशराचं दूध. तिला एकच निवडायला सांगा. तिन्ही एकदम घातली तर कशाचीच चव कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी निवडायला काही उरत नाही.

प्यायला उन्हाळ्यात आमसुलाचं सरबत करा. दहा-बारा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात तासभर भिजवा, तिने हाताने पिळायची, गाळायचं. हा अर्क तीन पेल्यांना पुरतो. पेल्याला दोन चमचे साखर आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड. आमसुलांना बहुधा मीठ असतं, म्हणून चव पाहूनच मीठ घाला. पातेलं स्टीलचं किंवा काचेचं हवं. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवू नये. चमचाभर अर्क वेगळ्या वाटीत घेऊन त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. फेस येतो आणि लाल रंग जांभळट-निळसर होतो, कारण त्यातला रंग आंबटपणाप्रमाणे बदलतो. ती वाटी प्यायची नाही, पण ती दाखवल्यावर नात पुढचा अर्धा तास हलणार नाही. लिंबाचं सरबत करताना साखर आधी पाण्यात विरघळवा, बर्फ शेवटी. गार पाण्यात साखर लवकर विरघळत नाही, मग "गोड नाही" म्हणून आणखी घातली जाते आणि तळाशी थर उरतो. बी पेल्यात राहू देऊ नका, सरबत कडू होतं. सब्जा घालायचा तर चमचाभर बी वाटीभर पाण्यात पंधरा-वीस मिनिटं फुगू द्या. कोरडा सब्जा तोंडात टाकू द्यायचा नाही, तो घशातच फुगतो.

दहा महिन्यांच्या नातवाला यातलं काय? साखर, गूळ, वरून मीठ काहीही नाही. साखर दोन वर्षांपर्यंत न दिलेलीच बरी. मध तर वर्षाच्या आत चाटवायचाही नाही. त्यात एका जिवाणूची सुप्त बीजं असू शकतात आणि ती तान्ह्या आतड्यात वाढून विष तयार करतात. शिकरणीचं केळं कुस्करलं की दूध पडायच्या आधी दोन चमचे त्याच्यासाठी बाजूला काढा, नातीच्याच हाताने. आणि दाणे चोळून झाले की पाट उचलून खाली बघा. रांगणारं मूल सांडलेला दाणा तुमच्या आधी शोधून काढतं.